तापणाऱ्या जमिनीसाठी लाकडी फ्लोअरिंग निवडताना

घरात अंडरफ्लोअर हीटिंग (जमिनीखालच्या पाइपांनी किंवा तारांनी खोली तापवण्याची यंत्रणा) असेल तर लाकडी फ्लोअरिंगचा विचारही करू नये, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो बरोबर नाही. योग्य रचनेचे, योग्य कापाचे आणि योग्य प्रमाणात वाळवलेले लाकूड तापणाऱ्या जमिनीवर वर्षानुवर्षे उत्तम टिकते. मात्र दुकानात नमुन्याची फळी हातात घेतल्यावर जे दिसते, म्हणजे रंग, रेषा आणि पॉलिशची चमक, त्यावरून ती गरम जमिनीवर कशी वागेल याचा काहीच अंदाज येत नाही. ज्या गोष्टींवरून तो येतो त्या विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि काय विचारायचे हे नवख्या ग्राहकाला ठाऊक नसते. या लेखात ते प्रश्न ज्या क्रमाने विचारायला हवेत त्या क्रमाने घेतले आहेत. क्रमाला महत्त्व आहे, कारण बहुतेक जण आधी लाकडाची जात पसंत करतात आणि मग बाकीचे सगळे तिच्याभोवती बसवू पाहतात. प्रत्यक्षात जातीचा निर्णय बराच नंतरचा आहे.

लाकडाला त्रास कशाचा होतो

जमिनीचा पृष्ठभाग २७ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याने लाकडाचे काही बिघडत नाही. खिडकीतून थेट ऊन पडणारी फळी त्याहून बरीच जास्त तापते आणि तरीही शाबूत राहते. खरा त्रास होतो तो उष्णतेबरोबर येणाऱ्या कोरडेपणाचा.

लाकूड कितीही वाळवलेले असले तरी आजूबाजूच्या हवेशी चाललेली त्याची ओलाव्याची देवाणघेवाण कधीच थांबत नाही. हवा दमट झाली की ते बाष्प शोषून फुगते, कोरडी झाली की पाणी सोडून आकसते. खोलीत २० अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर लाकडातले पाणी कालांतराने त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ५० टक्के असेल तर ते सुमारे ९ टक्के राहते आणि ३० टक्के असेल तर ६ टक्क्यांच्या आसपास उतरते. थंडीच्या दिवसांत बाहेरच्या हवेत मुळातच बाष्प कमी असते. तीच हवा घरात येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी खाली जाते. रेडिएटरने तापणाऱ्या घरातही हेच घडते. फरक इतकाच, की अंडरफ्लोअर हीटिंगमध्ये खोलीतल्या सर्वांत उबदार गोष्टींपैकी एक म्हणजे खुद्द हे लाकूड असते आणि त्यामुळे त्याला लागून असलेला हवेचा पातळ थर, भिंतीवरचा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारे उपकरण) दाखवतो त्यापेक्षाही कोरडा असतो.

आता या आकड्यांचा एका फळीवर काय परिणाम होतो ते पाहू. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलते ते रुंदीत. सपाट कापाच्या (हा काप म्हणजे काय ते तिसऱ्या पायरीत येईल) रेड ओकची फळी, तिच्यातले पाणी एका टक्क्याने घटले की रुंदीत सुमारे ०.३७ टक्क्यांनी आकसते. फळी १२५ मिलिमीटर रुंद असेल आणि पाणी ९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तर ती सुमारे १.४ मिलिमीटरने अरुंद होते. एवढ्या फटीत बँकेचे कार्ड उभे सरकवले तर ते सैल राहते. हीच फळी ६० मिलिमीटर रुंद असती तर फट ०.७ मिलिमीटरची पडली असती आणि उभ्या माणसाच्या नजरेला ती क्वचितच दिसली असती. चार मीटर रुंद खोलीत सगळे आकसणे मिळून दोन्ही वेळा हिशेबाने सुमारे ४४ मिलिमीटरच येते. अरुंद फळ्यांत ते दुपटीहून अधिक सांध्यांवर वाटले जाते, एवढाच काय तो फरक. पुढचे बहुतेक निर्णय या एका हिशेबातून निघतात, म्हणून तो सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा.

पहिली पायरी: खोलीला उष्णता किती लागते

लाकूड बघायला जाण्याआधी हीटिंगची आखणी करणाऱ्या अभियंत्याकडून प्रत्येक खोलीचा उष्णताहानीचा हिशेब लेखी मागून घ्यावा. जमिनीचा पृष्ठभाग खोलीच्या हवेपेक्षा जितके अंश गरम असेल, तितक्या प्रत्येक अंशामागे दर चौरस मीटरला साधारण १० ते ११ वॅट उष्णता खोलीला मिळते. लाकडी पृष्ठभागासाठी सामान्यपणे पाळली जाणारी कमाल मर्यादा २७ अंशांची आहे (काही उत्पादक २९ अंशांपर्यंत परवानगी देतात), आणि खोलीची हवा २० अंशांवर ठेवायची असेल तर मधल्या सात अंशांच्या फरकातून दर चौरस मीटरला सुमारे ७५ वॅट मिळतात. खोलीची गरज याच्या आत बसत असेल तर पुढे जावे. मोठ्या काचांची किंवा भिंतींना इन्सुलेशन नसलेली खोली असेल आणि तिला शंभर वॅट लागत असतील, तर कोणत्याही जातीचे लाकूड हा प्रश्न सोडवू शकत नाही. तेथे एक तर खिडक्या-भिंतींतून होणारी गळती कमी करावी, नाहीतर उरलेल्या उष्णतेसाठी वेगळा रेडिएटर ठेवावा. पाण्याचे तापमान वाढवून जमिनीकडूनच सगळे काम करून घेण्याचा मोह होतो, आणि लाकूड बिघडण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

यंत्रणेचा प्रकारही याच वेळी समजून घ्यावा. कोब्यात पुरलेल्या पाइपांमधून कोमट पाणी फिरवणारी यंत्रणा लाकडाला सर्वांत मानवते, कारण कोब्याचे वजन मोठे असते आणि तापमान हळूहळू चढते-उतरते. विजेच्या तारांची जाळी पातळ असते आणि पटकन तापते, म्हणून तिच्याबरोबर जमिनीत बसवलेला तापमान-सेन्सर आणि २७ अंशांना वीज तोडणारा थर्मोस्टॅट असल्याशिवाय वर लाकूड बसवू नये. लाकडी तुळयांच्या मधून, वरच्या तक्तपोशीच्या खालच्या बाजूला पाइप ठोकलेली रचना असेल तर पाइपांखाली उष्णता पसरवणारे ॲल्युमिनियमचे पत्रे आहेत का हे विचारावे. ते नसतील तर पाण्याचे तापमान बरेच जास्त ठेवावे लागते आणि पाइपाच्या नेमक्या वर पट्ट्यापट्ट्यांनी जमीन अधिक तापते.

दुसरी पायरी: भरीव की इंजिनिअर्ड

या एका निर्णयावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. भरीव फळी म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच लाकडाचा तुकडा. इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा, साधारण २ ते ६ मिलिमीटर जाडीचा थर असतो आणि त्याखाली प्लायवूडचे पातळ थर किंवा मऊ लाकडाच्या आडव्या पट्ट्या असतात. खालच्या थरांचे धागे वरच्या थराशी काटकोनात येतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नसल्यामुळे प्रत्येक थर शेजारच्या थराची रुंदीतली हालचाल रोखून धरतो, आणि संपूर्ण फळी भरीव फळीच्या मानाने पुष्कळ कमी आकसते. तापणाऱ्या जमिनीवर इंजिनिअर्ड फळीची शिफारस केली जाते ती या कारणाने.

पण इंजिनिअर्ड म्हटले की काळजी मिटली, असे समजू नये. आकसण्याची ओढ नाहीशी होत नाही. ती गोंदाच्या थरांवर येऊन पडते. वरचा थर जाड असेल आणि खालचा गाभा दुबळा, तर कोरड्या हवेत वरचा थर आकसताना गाभ्याला आपल्याबरोबर ओढतो आणि फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. गाभा दणकट असेल पण गोंद कमी प्रतीचा, तर थर सुटतात. गाभा आणि गोंद दोन्ही मजबूत असतील आणि हवा फारच कोरडी असेल, तर वरच्या थराला लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून पुढच्या अनेक दशकांत अनेकदा घासून पॉलिश करता येईल अशा ६ मिलिमीटरच्या जाड थराचे आकर्षण तापणाऱ्या जमिनीवर जरा आवरावे. माझ्या मते ३ ते ४ मिलिमीटरचा थर आणि अनेक पातळ थरांच्या चांगल्या प्लायवूडचा गाभा हा सर्वांत समंजस मेळ आहे.

वरचा थर कसा काढला आहे हेही विचारावे. करवतीने कापलेला थर खऱ्या फळीसारखाच असतो. ओंडका फिरवत धारदार पात्याने सोललेला थर मुळात वक्र असतो. त्याला सपाट करून चिकटवताना त्याच्या एका अंगावर ताण येतो आणि कोरड्या हवेत तोच आधी तडकतो. असा थर ओळखायला कठीण नाही. त्यावरच्या रेषा मोठ्या, पसरट आणि लाटांसारख्या असतात आणि फळीच्या संपूर्ण रुंदीत कोठेही सरळ रेघा दिसत नाहीत. दुकानदार "खरे लाकूड" एवढेच सांगत असेल, तर नमुन्याची आडवी कड उजेडात धरून थर स्वतः मोजावेत.

भरीव लाकडाचा आग्रहच असेल तर तेही शक्य आहे, पण मग फळी अरुंद हवी, कापाची दिशा योग्य हवी आणि घरातील आर्द्रता सांभाळण्याची तयारी हवी. यांतली एखादी अट जमणार नसेल तर भरीव लाकडाचा नाद सोडावा.

तिसरी पायरी: काप, मग जात

ओंडक्यातून फळी कोणत्या दिशेने कापली यावर तिचे फुगणे-आकसणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. सपाट कापाच्या म्हणजे फ्लॅट-सॉन फळीत वार्षिक वलये रुंदीला जवळजवळ समांतर जातात, आणि लाकूड याच दिशेने सर्वाधिक हलते. क्वार्टर-सॉन फळीत वलये पृष्ठभागाला उभी असतात. रेड ओकच्या बाबतीत फ्लॅट-सॉन फळी पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे ०.३७ टक्के हलते, तर क्वार्टर-सॉन फळी सुमारे ०.१६ टक्केच. वरच्या उदाहरणातली १२५ मिलिमीटरची फळी क्वार्टर-सॉन असती तर १.४ ऐवजी ०.६ मिलिमीटरने आकसली असती. म्हणजे जात तीच, रुंदी तीच, फक्त काप बदलला आणि फट निम्म्याहूनही कमी झाली. क्वार्टर-सॉन माल महाग असतो, कारण तसा काप घेताना ओंडक्याचा बराच भाग वाया जातो. तरीही भरीव फळीच घ्यायची असेल तर माझ्या मते खर्च करावा तो येथे, दुर्मीळ जातीवर करू नये. फळीच्या टोकाकडून पाहिले की काप लगेच कळतो: वलये उभी दिसली तर क्वार्टर-सॉन, आडवी किंवा कमानीसारखी दिसली तर सपाट काप.

आता जात. सपाट कापात, पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे सागवान सुमारे ०.१९ टक्के हलते, अमेरिकन चेरी ०.२५, काळा अक्रोड ०.२७, हार्ड मेपल ०.३५, व्हाइट ओक आणि रेड ओक सुमारे ०.३७ आणि अमेरिकन बीच ०.४३ टक्के. सागवान सर्वांत शांत आणि बीच सर्वांत चंचल, असा हा क्रम आहे. बीच आणि मेपल यांची आणखी एक अडचण अशी, की ती आर्द्रतेतल्या बदलाला फार लवकर प्रतिसाद देतात. म्हणून अंडरफ्लोअर हीटिंगवर या दोन जाती चालणार नाहीत असे अनेक उत्पादक स्पष्ट लिहितात. ओक या यादीत बीचच्या खालोखाल हलणारा असूनही सर्वाधिक वापरला जातो, कारण तो संथपणे प्रतिसाद देतो, क्वार्टर-सॉन आणि इंजिनिअर्ड अशा दोन्ही रूपांत सहज मिळतो आणि त्याच्या ठळक रेषांमध्ये लहान फटी लपून जातात. मेपलसारख्या एकसारख्या फिक्या लाकडावर तीच फट काळ्या रेघेसारखी उठून दिसते.

विक्रेते बहुधा लाकडाचा कठीणपणा सांगतात. जॅन्का चाचणीत हिकरी आणि जटोबा यांचे आकडे मोठे येतात हे खरे, पण ती चाचणी पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती बळ लागते एवढेच सांगते. उंच टाचांचे बूट आणि कुत्र्याची नखे यांच्यासाठी ती माहिती उपयोगी आहे. उष्णतेपुढे फळी कशी वागेल याच्याशी तिचा संबंध नाही. हिकरी तर चांगलीच कठीण असूनही बरीच हलते.

चौथी पायरी: रुंदी

भरीव फळी ७५ मिलिमीटरपेक्षा रुंद घेऊ नये. इंजिनिअर्ड फळी १८० ते २०० मिलिमीटरपर्यंत घेता येते, पण त्या विशिष्ट मालाच्या कागदांत अंडरफ्लोअर हीटिंगला परवानगी असल्याचे छापील वाक्य पाहूनच. हल्ली फार रुंद फळ्यांची आवड आहे. छायाचित्रात त्या सुंदर दिसतात, पण ते छायाचित्र हीटिंग चालू असण्याच्या ऐन कोरड्या दिवसांत काढलेले नसते.

पाचवी पायरी: जाडी आणि उष्णतारोध

लाकूड उष्णता सहज जाऊ देत नाही. जमिनीवरच्या सर्व थरांचा मिळून उष्णतारोध ०.१५ चौरस मीटर केल्व्हिन प्रति वॅट यापेक्षा जास्त नसावा, हा पाण्याच्या यंत्रणांसाठी सर्वमान्य झालेला दंडक आहे. हिशेब सोपा आहे: थराची जाडी मीटरमध्ये घ्यावी आणि त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागावी. ओकची वाहकता सुमारे ०.१७ आहे आणि मऊ लाकडाची सुमारे ०.१३. चार मिलिमीटर ओक आणि दहा मिलिमीटर मऊ लाकडाचा गाभा अशी १४ मिलिमीटरची इंजिनिअर्ड फळी घेतली, तर तिचा रोध ०.०२४ अधिक ०.०७७ म्हणजे जवळपास ०.१० येतो. वीस मिलिमीटरच्या भरीव ओकचा रोध ०.१२ च्या आसपास येतो. दोन्ही मर्यादेत बसतात.

आता या इंजिनिअर्ड फळीखाली तीन मिलिमीटरचे साधे फोमचे अंडरले टाकू. फोमची वाहकता सुमारे ०.०४ असते, म्हणजे एवढ्याशा थराचा रोध ०.०७५ झाला आणि एकूण आकडा ०.१७५ वर गेला. लाकूड नीट पारखून घेतलेले असूनही तीन मिलिमीटरच्या फोममुळे खोली नीट तापत नाही, मग कोणीतरी पाण्याचे तापमान वाढवतो आणि पुढचे सगळे त्यातूनच घडते. अंडरले घ्यायचेच असेल तर हीटिंगसाठी बनवलेले, पातळ आणि बहुधा छिद्रे असलेले घ्यावे आणि त्याच्या वेष्टनावर रोधाचा आकडा छापलेला असावा. "आवाज कमी करते" एवढेच लिहिलेले अंडरले घेऊ नये.

सहावी पायरी: बसवण्याची पद्धत

फळ्या कोब्याला संपूर्ण चिकटवणे ही तापणाऱ्या जमिनीवरची सर्वांत चांगली पद्धत आहे. मध्ये हवेचा थर राहत नाही, उष्णता थेट फळीत जाते, आणि लवचीक प्रकारचा गोंद वापरला तर फळीला थोडे हलण्याची मुभाही मिळते. गोंद खाचांच्या करणीने संपूर्ण पृष्ठभागावर ओढलेला हवा. मध्ये मध्ये गोळे टाकून फळी दाबली, तर पोकळ जागी उष्णता अडते आणि चालताना आवाज येतो.

अंडरलेवर मोकळी ठेवलेली, सांध्यांनी एकमेकींत अडकलेली फ्लोअरिंगची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे आणि इंजिनिअर्ड फळीसाठी चालते. पण भिंतींच्या कडेला सगळीकडे १० ते १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती जागा दाराच्या चौकटीशी किंवा जड कपाटाखाली बुजली तर सगळी फ्लोअरिंग अडकते.

खिळे ठोकून बसवणे फक्त लाकडी तक्तपोशीवर शक्य असते आणि तेथे पाइपात खिळा घुसण्याचा धोका असतो. काम सुरू करण्यापूर्वी यंत्रणा चालू करून थर्मल कॅमेऱ्याने पाइपांचा मार्ग जमिनीवर खडूने आखून घ्यावा. काम चालू असताना पाइप दाबाखाली ठेवावेत आणि गेजवर लक्ष ठेवावे. पाइपला भोक पडले तर दाब लगेच उतरतो आणि नेमकी कोणती फळी उचलायची ते त्याच क्षणी कळते. हे केले नाही तर गळती काही महिन्यांनी फुगलेल्या फळ्यांवरून कळते.

सातवी पायरी: कोबा खरोखर वाळला आहे का

फसगतीच्या जागा अनेक आहेत, पण सर्वांत महाग पडणारी ही. कोबा वरून पांढरा आणि कोरडा दिसला तरी आत त्यात पुष्कळ पाणी असते. हीटिंग चालू झाली की ते पाणी वर ढकलले जाते आणि थेट फळीच्या पोटात शिरते. खालची बाजू फुगते, वरची कोरडीच राहते आणि कडा उचलल्या जातात. सिमेंटचा कोबा चांगल्या हवेत साधारण दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाळतो आणि जाडी ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की ही गती मंदावते. म्हणजे ७० मिलिमीटरच्या कोब्याला दोन महिने पुरतील असे धरून चालू नये.

युरोपीय मानकात पहिल्यांदा हीटिंग चालू करण्याचा ठरलेला क्रम दिला आहे. सिमेंटच्या कोब्यासाठी किमान २१ दिवस आणि कॅल्शियम सल्फेटच्या कोब्यासाठी किमान ७ दिवस थांबावे. मग तीन दिवस सुमारे २५ अंशांचे पाणी फिरवावे, आणि नंतर आखणीतल्या कमाल तापमानावर आणखी किमान चार दिवस ठेवावे. हे सगळे लाकूड घरात येण्यापूर्वी व्हायला हवे. यातून यंत्रणेची परीक्षा होते, पण कोबा वाळला याची हमी मिळत नाही. त्यासाठी हीटिंग आणखी काही दिवस चालू ठेवून मोजमाप घ्यावे लागते. कोब्याचा खोलवरचा तुकडा काढून कार्बाइड पद्धतीने (तुकडा कुटून कार्बाइडशी मिसळायचा आणि तयार झालेल्या वायूच्या दाबावरून ओलावा काढायचा) मोजतात, आणि हीटिंग असलेल्या सिमेंटच्या कोब्यासाठी १.८ टक्के तर कॅल्शियम सल्फेटच्या कोब्यासाठी ०.३ टक्के ही युरोपात प्रचलित असलेली मर्यादा आहे. तुकडा कोठून काढायचा ती जागा पाइप टाकतानाच खुणेने राखून ठेवावी, नाहीतर मोजताना पाइपच फुटायचा. ठेकेदाराने हाताचा तळवा टेकवून "वाळला आहे" असे सांगितले, तर नम्रपणे लेखी आकडा मागावा.

खाली लाकडी तक्तपोशी असेल तर मॉइश्चर मीटरने तिचे आणि नव्या फळ्यांचे मोजमाप घ्यावे. ७५ मिलिमीटरपेक्षा अरुंद फळ्यांसाठी दोहोंतला फरक ४ टक्क्यांच्या आत आणि त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांच्या आत असावा.

आठवी पायरी: फळ्या घरात आणणे आणि हीटिंग सुरू करणे

फळ्या खोलीत आणून काही दिवस ठेवल्या की झाले, असा समज आहे. दिवस मोजून उपयोग नाही. मोजायचे ते लाकडातले पाणी. खोली राहत्या घराच्या तापमानाला आणि आर्द्रतेला आणलेली असावी, ओले रंगकाम आणि प्लास्टर संपलेले असावे, आणि हीटिंग त्याआधीच चालवून मंद केलेली असावी. इंजिनिअर्ड फळ्यांची पाकिटे उघडावीत की बंद ठेवावीत हे उत्पादकानुसार बदलते. त्यांच्या सूचनेप्रमाणेच करावे. बसवताना जमिनीचा पृष्ठभाग १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे गोंद घाईने सुकत नाही.

गोंद पुरता पक्का झाल्यावरच हीटिंग वाढवावी आणि तीही दिवसाला एक-दोन अंशांनी. पाहुणे येणार म्हणून पहिल्याच संध्याकाळी थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवू नये. पुढेही दर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी हाच संथपणा पाळावा. रात्री हीटिंग बंद आणि सकाळी जोरात, या सवयीचा जाड कोब्याच्या यंत्रणेत फारसा फायदाही होत नाही, कारण कोबा तापायलाच कित्येक तास लागतात. लाकडाला मात्र चढ-उतार सोसावे लागतात. बाहेरचे तापमान पाहून पाण्याचे तापमान आपोआप कमी-जास्त करणारे नियंत्रण यासाठी उत्तम असते.

रोजचा वापर

घरातील सापेक्ष आर्द्रता वर्षभर साधारण ३५ ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहील असे पाहावे. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर खोलीत कायमचा ठेवावा. कोरड्या दिवसांत आकडा ३० च्या खाली जात असेल तर ह्युमिडिफायर लावावा. तो नुसता शोभेचा न घेता खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्यावा. बहुतेक उत्पादकांच्या वॉरंटीत आर्द्रतेची मर्यादा छापलेली असते आणि तक्रार आल्यावर पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला जातो, म्हणून खरेदीपूर्वी ते पान वाचावे आणि महिन्यातून एकदा वाचन टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

जाड गालिचे, रबरी अस्तराची पायपुसणी, जमिनीवर टाकलेल्या गाद्या आणि पाय नसलेली सपाट कपाटे उष्णता अडवतात. त्यांच्याखाली जमीन मोकळ्या जागेपेक्षा बरीच जास्त तापते आणि सेन्सर मोकळ्या जागेत असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. गालिचा हवाच असेल तर पातळ विणीचा, अस्तर नसलेला घ्यावा. कायमची कपाटे कोठे येणार हे आधीच ठरले असेल तर त्या भागात पाइप किंवा तारा टाकूच नयेत.

पॉलिशबद्दल थोडक्यात: तेलाचे पॉलिश असलेल्या फळ्यांवर डाग पडला तरी तेवढाच भाग दुरुस्त करता येतो, म्हणून मला ते सोयीचे वाटते. जागेवर लॅकर (वाळून कडक पारदर्शक थर होणारे पॉलिश) लावायचे ठरले तर ते सांध्यांत उतरून शेजारच्या फळ्या एकमेकींना चिकटवू शकते. मग दहा लहान फटींऐवजी एकाच ठिकाणी मोठी फट पडते. कडांना बारीक उतार दिलेल्या फळ्यांमध्ये लहान फटी नजरेत येत नाहीत.

पहिल्या हीटिंगच्या हंगामात सांध्यांमध्ये बारीक फटी दिसतील आणि त्या दिसणे स्वाभाविक आहे. त्या लगेच भरायला घेऊ नयेत. हवा पुन्हा दमट झाली की फळ्या फुगतात, भरलेला मसाला सांध्यातून वर ढकलला जातो आणि त्याची कड पायाला लागू लागते. दोन-तीन फटींची जागा कागदावर नोंदवावी, त्यांची रुंदी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या संचाने) मोजावी आणि शेजारी त्या दिवशीची आर्द्रता लिहावी. दमट हंगाम पूर्ण सरल्यावरही त्याच फटी तेवढ्याच रुंद राहिल्या, तर फळ्या बसवतेवेळी गरजेपेक्षा जास्त ओल्या होत्या, अशी शंका घ्यायला जागा असते, आणि तेव्हा ही नोंद घेऊन विक्रेत्याकडे जावे.